कुमुदने भरलेली सॅक

बदामीहून विजापूरकडे जाणारी दुपारची गाडी अजून फलाटावरच आहे, आणि वैजूचे डोळे आधीच मिटायला लागलेत. खिडकीची जागा मिळाली आहे, पाय चपलांतून मोकळे झाले आहेत, आणि दोन दिवस लेण्यांच्या पायऱ्या चढून-उतरून पोटऱ्यांचे असे काही गोळे झालेत की आता कुणी ऊठ म्हटलं तरी तिच्याने उठवणार नाही. मांडीवर सॅक आहे. निळी, जुनी, पट्टे आवळून बांधलेली. वैजूने तिला दोन्ही हातांनी कवळून धरलंय.

समोरच्या बाकावर नसीम पेरू कापते आहे. ती कुठलीही गोष्ट कापड बेतल्यासारखी कापते, तिरपी आणि सारखी.

"झोप की जरा," नसीम म्हणते. "पण ती खाली ठेवून झोप. लेकरू असल्यागत धरून बसलीयस."

"असू दे."

"विजापूर यायच्या आत उघडायची, सांगून ठेवते. नाहीतर मी उघडणार."

वैजू तोंड खिडकीकडे वळवते. सकाळी लॉजवर यावरूनच दोघींची वाजली होती, आणि त्यानंतर चहासुद्धा दोघींनी दोन टेबलांवर बसून घेतला होता. पंचावन्नच्या पुढच्या बायकांना हे शोभत नाही हे दोघींना माहीत आहे. तरी घेतला.

सॅकची गोष्ट आधी सांगायला हवी, कारण वैजूला झोप येणार आहे ती तिच्यावरच डोकं ठेवून.

मिरजेच्या एका शाळेत तिघी शिकवायच्या. वैजू भूगोल, नसीम शिवण आणि कुमुद चित्रकला. दर वर्षी दिवाळीचा फराळ डब्यात शिल्लक असतानाच तिघी पाठीवर सॅक टाकून रेल्वेने निघायच्या, जुन्या राजधान्या बघत. बिदर, गुलबर्गा, हंपी, बऱ्हाणपूर, ग्वाल्हेर. नवऱ्यांनी टोमणे मारले, कॉलेजच्या पोरांचे धंदे या वयात कशाला म्हणून नातेवाइकांनी नाकं मुरडली, आणि तिघींनी कुणाचंही मनावर घेतलं नाही. कुमुदला तर राजेरजवाड्यांशी काडीचं देणंघेणं नव्हतं. कुठल्याही महालात शिरली की ती पहिलं स्वयंपाकघर शोधायची. "एवढी माणसं जेवायची कुठं? भांडी कोण घासायचं?" गाइड बिचारे तोफांचं पाठ करून आलेले असायचे, ते गोंधळून जायचे.

तिघींचा एक नियम होता. आपली सॅक आपण भरायची नाही. पहिल्याच वर्षी वैजूने इस्त्री, वाळत घालायची दोरी आणि लोणच्याची बरणी असं सगळं बरोबर घेतलं होतं, आणि ती बरणी बिदरच्या स्टेशनावर फुटली. तेव्हाच कुमुदने फर्मान काढलं. स्वतःचं सामान भरताना माणूस घाबरून भरतं, म्हणून यापुढे एकीची सॅक दुसरीने भरायची, जिची तिच्या कपाटातून, दार लावून. आणि गाडी हलल्याशिवाय उघडायची नाही. मग गाडी सुटली की डब्यात जो हशा पिकायचा, त्याला तोड नव्हती. हंपीला वैजू नवऱ्याच्या लेंग्यात हिंडली आहे, कारण नसीमला तो तिचाच वाटला. नसीमच्या सॅकमधून एकदा बटाटे निघाले होते, आणि त्यांचं काय करायचं यावर ग्वाल्हेरपर्यंत चर्चा चालली होती.

गेल्या वर्षी वैजूची सॅक कुमुदने भरली. तेव्हा ती आजारी होती. चेहरा एवढासा झाला होता, आणि भर उन्हात थंडी वाजायची तिला. तरी रिक्षा करून आली, वैजूच्या खोलीचं दार आतून लावून घेतलं, आणि बऱ्याच वेळाने भिंतीला धरत बाहेर आली. "भरली," एवढंच म्हणाली. कुमुदची सॅक भरायची पाळी वैजूची होती. पण कुमुद म्हणाली, "तू नको त्रास घेऊस, माझं मी बघून ठेवलंय." वैजूने जास्त विचारलं नाही. प्रवास आता आपल्याच्याने व्हायचा नाही हे तिला कळून चुकलंय, आणि आपल्या दोघींना अवघडायला होऊ नये म्हणून ती असं बोलते आहे, असं वैजू आणि नसीम दोघींनी मनाशी धरलं. विजापूरची तिकिटं गुपचूप रद्द केली. मार्गशीर्षात कुमुद गेली.

सॅक वर्षभर वैजूच्या कपाटावर राहिली. नवऱ्याने विचारलं, मुलीने विचारलं, उन्हाळ्यात जाळ्या झटकताना कामवालीनेही विचारलं. वैजूने ती कुणाला उतरवू दिली नाही. खरं कारण तिने फक्त नसीमला सांगितलं. कुमुदकडून आपल्याला अजून काहीतरी यायचं आहे, असं ही सॅक बंद असेपर्यंत म्हणता येतं. उघडली की तेही गेलं. मग कुमुद नुसती मेलेली उरेल.

यंदा नसीमने तिला जवळजवळ ओढत बाहेर काढलं. वैजूने सॅक घेतली खरी, पण दोन दिवस ती अंगात घालते आहे ते कपडे वेगळ्या कापडी पिशवीतले आहेत. ती पिशवी तिने आपली आपणच भरली. एवढ्या वर्षांत नियम पहिल्यांदाच मोडला.

नसीम पेरूच्या फोडींना तिखट-मीठ लावते. गाडीला धक्का बसतो. लाल डोंगर हळूहळू मागे सरकायला लागतो, आणि वैजूचं डोकं सॅकवर टेकतं.

"सरक जरा," कुमुद म्हणते.

वैजू सरकते. आधी सरकते, आणि मग बघते. कुमुद शेजारी टेकते, नेहमीसारखी, जागा असतानाही अंगाला अंग लावून. तिच्या बोटांना पोस्टर कलर लागलाय, नखांच्या कडेला हिरवा. केस आजारापूर्वीचे आहेत, दाट, क्लिपमधून सुटणारे. पण साडी ओली आहे. तिचा दंड वैजूच्या दंडाला लागतो आणि थंडगार ओल बाहीतून आत येते.

"भिजलीस कशानं?"

"आंघोळ घातली की मला," कुमुद म्हणते. "पुसलं नाही कुणी नीट."

आंघोळ घालणाऱ्या बायकांत वैजू होती. कळशी तिच्या हातात होती.

"नसीम कुठाय?" कुमुद विचारते.

समोरच्या बाकावर पेरू आहे, सुरी आहे, कागदात बांधलेलं तिखट-मीठ आहे. नसीम नाही.

"चहा बघायला गेली असेल."

"हलत्या गाडीत?"

"तिचं काय सांगावं."

कुमुद हसते, आणि वैजूला हायसं वाटतं. एवढं एकच तिच्या मनात पक्कं आहे की कुमुदला शंका येऊ द्यायची नाही. कसली शंका, ते तिला नीट आठवत नाही. पण कुमुदला ते कळलं तर ती उठून जाईल, आणि ती उठून जाता कामा नये.

कुमुद पेरूची फोड उचलते. वास घेते आणि परत ठेवून देते.

"खा की."

"चव लागत नाही गं. थंडी वाजतेय नुसती."

"खिडकी लावते," असं म्हणून वैजू हात पुढे करते, तर तिच्या हाताला लागतं ते कपाटाचं दार. तिच्याच खोलीतलं. आरसा आतल्या बाजूला आहे आणि त्यात बाहेरची ज्वारीची शेतं पळताहेत. फरशीखालून गाडीची धडधड येते आहे. कुमुद स्टुलावर उभी राहून वरच्या खणातले कपडे काढते आहे, तिच्याकडे पाठ करून.

"तू आत कशी आलीस?" कुमुद वळून न बघता म्हणते. "बाहेर हो. भरताना बघायचं नाही."

"मी काही बघत नाहीये."

"मग डोळे मीट."

वैजू डोळे मिटते. मिटल्यावर ऐकू फार येतं. कपड्याची घडी घालताना होणारा आवाज, पिशवीतून काहीतरी काढल्याची सळसळ, मग धाप. कुमुद मध्येच पलंगावर बसते, पलंग करकरतो. पुन्हा उठते. गेल्या वर्षी दाराबाहेर उभी राहून वैजूने हे सगळं असंच ऐकलं होतं, आणि तेव्हाही तिला आत जाऊन त्या बाईला धरून बसावंसं वाटलं होतं.

"मदत करू?"

"नको. झालंच."

"पडशील तिथून."

"आता काय पडायचंय," कुमुद म्हणते.

वैजू डोळे उघडते. दोघी पायऱ्या चढताहेत. पायऱ्या लेण्याच्या आहेत, लाल, मधोमध झिजलेल्या, पण कडेच्या भिंतीला अर्ध्या उंचीपर्यंत पांढऱ्या टाइल्स लावल्यात आणि वर पाटी आहे, रुग्णाजवळ एकानेच थांबावे. कुमुद पुढे आहे. ती एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवते आणि मग पुढची चढते. वर खांबांच्या सावलीत खाटा मांडल्यात, ओळीने, चादरी ताणून बसवलेल्या. कुणी नाही त्यांच्यावर. एक नर्स कोरीव खांबाला टेकून लसूण सोलते आहे.

"विचार की तिला," कुमुद म्हणते, "स्वयंपाकघर कुठाय."

वैजू विचारते. नर्स मान वर करत नाही. "भेटायची वेळ संपली," ती म्हणते.

"आम्ही बघायला आलोय," वैजू सांगते. "लांबून आलोय. मिरजेहून."

"सगळेच लांबून येतात."

कुमुद तिथेच पायरीवर बसते. वैजू तिच्या खालच्या पायरीवर. खाली तळं दिसतंय, आणि तळ्याच्या कडेने गाडी जाते आहे. ती आपलीच गाडी आहे आणि आपण तिच्यातच आहोत, हे दोघींना माहीत आहे. त्यामुळे घाई कुणालाच नाही.

"शाळेत काय नवीन?" कुमुद विचारते.

"नवीन बाई आल्यात चित्रकलेला. तुझं कपाट त्यांना दिलं."

"बऱ्या आहेत का?"

"बऱ्या आहेत. म्हणून तर राग येतो त्यांचा."

"वेडी."

"मला तुझ्याशिवाय करमत नाही, कुमुद," वैजू म्हणते. असं ती आजवर कुणाला म्हणालेली नाही, नवऱ्यालाही नाही. "वर्ष झालं. सगळे म्हणतात, सवय होईल. रडायलासुद्धा येत नाही मला. नसीम रडते आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवते."

बोलून झाल्यावर तिला कळतं की आपण वर्ष म्हणालो. ती घाबरून कुमुदकडे बघते. कुमुदने ऐकलेलं दिसत नाही, किंवा ऐकून सोडून दिलं असेल. ती आपले दंड चोळते आहे. साडीच्या काठातून पाणी ठिबकून पायरीचा दगड गडद होत चालला आहे.

"सॅक आणलीस ना?"

"आणलीय."

"मग उघड की. गाडी केव्हाच हलली."

"नको."

"का?"

"नको म्हटलं ना."

"थंडी वाजतेय गं मला."

वैजू सॅक आणखी आवळून धरते. आपण काय करतो आहोत ते तिला दिसतं आहे आणि तिला स्वतःची लाज वाटते. कुमुद कुडकुडते आहे, दात वाजताहेत तिचे, आणि आपण सॅक धरून बसलोय. पण हात सुटत नाहीत.

"दुसरं देते काहीतरी," ती म्हणते. "थांब. माझ्याकडे आहे."

ती गळ्यातली ओढणी काढून कुमुदच्या खांद्यांवर टाकते. ओढणी खांद्यांना पुरत नाही. वैजू ती ओढून पसरायला जाते तसतशी ती लहान होत जाते, दवाखान्यातल्या बँडेजच्या पट्टीएवढी. मग ती कापडी पिशवीत हात घालते, स्वेटर शोधायला. हाताला बटाटे लागतात. एक काढते, दुसरा काढते, सगळे बटाटेच.

कुमुद हसायला लागते. पूर्वीचं हसणं, डोळ्यांतून पाणी काढणारं. वैजूही हसते. हसता हसता कुमुदला खोकला येतो आणि तो थांबत नाही. वैजू तिच्या पाठीवर हात ठेवते, तर पाठ इतकी लहान आहे की तळहातात मावावी.

गाडीचा वेग कमी होतो. दोघी पुन्हा बाकावर आहेत. पेरू तसाच आहे.

"माझं स्टेशन आलं," कुमुद म्हणते.

"छे. विजापूर लांब आहे अजून."

"मला इथंच उतरायचंय."

"इथं काय आहे? काहीच नाही इथं. बघ की, नुसता माळ आहे." वैजूचा आवाज चढतो. "आणि असं ओलेत्यानं कुठं जातीयस? तुझं सामान कुठाय?"

"आहे की."

"कुठाय?"

कुमुद तिच्या मांडीवरच्या सॅककडे बघते. नुसती बघते. मागत नाही, आणि ती मागत नाही हेच वैजूला सोसवत नाही. कुमुद आयुष्यभर हक्काने मागत आली. वैजूच्या डब्यातली भाजी, नसीमची खिडकीची जागा, वर्गातला खडू. आता तिला हवं आहे आणि ती मागत नाही.

गाडी थांबायला आली आहे. कुमुद उठते, साडी पायांना चिकटलेली.

"थांब," वैजू म्हणते. "थांब ना, देते."

पट्ट्यांच्या गाठी सुटता सुटत नाहीत. वर्षभरात चेन अडकून बसली आहे. वैजू ती दोन्ही हातांनी ओढते, नख उलटतं, आणि चेन एकदम सरकते. आत बघायचं नाही, असं ती ठरवते. हात घालते. सगळ्यात वरच, हाताला लगेच सापडेल असं, मऊ काहीतरी आहे. ती ते ओढून काढते, उलगडते आणि कुमुदभोवती गुंडाळते. डोक्यावरून घेते, कानांवरून घेते, गळ्याशी दोन्ही टोकं एकात एक खोचते. लहान मुलीला शाळेत धाडताना करावं तसं सगळं करते.

कुमुदचं कुडकुडणं थांबतं.

"बरं वाटलं," ती म्हणते. "ओढणी धर पुढं."

"कशाला?"

"धर गं. मोकळी नको राहूस."

वैजू ओढणीचा झोळ करून धरते. ओढणी पुन्हा मोठी झाली आहे. कुमुद त्यात काहीतरी ओंजळीने घालते, वजनदार आणि गार. वैजू खाली बघत नाही. खाली बघितलं तर तेवढा वेळ कुमुदकडे बघायचं राहील.

कुमुद दारापर्यंत जाते. उतरताना दांडीला धरते, आधी एक पाय, मग दुसरा. वैजूला खूप काही म्हणायचं आहे. तोंडातून निघतं ते एवढंच, जे ती स्टेशनावर सगळ्यांनाच म्हणते.

"पोचलीस की फोन कर."

"करते," कुमुद म्हणते.

मग गाडीची धडधड आहे, आणि डोळ्यांवर ऊन. वैजू जागी आहे. गाडी चांगली वेगात आहे, खिडकीबाहेर कापूस आहे आणि मध्येच सूर्यफुलं. पेरूच्या फोडी काळ्या पडल्यात. नसीम समोर नाही, शेजारी आहे, आणि तिने वैजूचा दंड घट्ट धरला आहे.

पायाशी सॅक उघडी आहे.

मांडीवर ओढणीचा झोळ आहे. त्यात हळदीकुंकवाने पिवळे-लाल झालेले तांदूळ, एक नारळ आणि चोळीचा एक खण. गुळेदगुड्डचा, हिरवा, वर बारीक ठिपके विणलेले.

"हे काय आहे?" वैजू विचारते.

नसीमचा चेहरा रडून उतरलेला आहे. ती सांगते, थांबत थांबत. वैजूचा डोळा लागला, तेवढ्यात फलाटावरून एक म्हातारी घाईघाईने चालत्या गाडीत चढली आणि वैजूच्या शेजारी बसली. बनशंकरीला जाऊन आलेली. देवळाच्या तळ्यात आंघोळ करून ओल्या लुगड्यानेच आली होती, आणि वाऱ्याने थडथड उडत होती. नसीम तिला खिडकीपासून लांब बस म्हणाली, पण जागा नव्हती.

"मग गुळेदगुड्ड यायला लागलं तशी ती उठली," नसीम म्हणते. "आणि तू सॅक उघडलीस."

"मी?"

"तूच. डोळे उघडे होते तुझे. मला वाटलं जागी आहेस. म्हटलं, बाई गं, वर्षभर कुणाला हात लावू दिला नाहीस, आणि आता परक्या बाईसाठी उघडतीयस. शाल काढलीस आणि गुंडाळलीस तिला. ती 'ब्याड, ब्याड' म्हणत होती, नको नको. तू ऐकेनास. तुझा चेहरा बघून ती गप्प झाली. मग देवीच्या ओटीचा प्रसाद होता तिच्याकडे, तो सगळा तुझ्या ओढणीत घातला."

"मला उठवायचं की."

"तू तिला म्हणालीस, पोचलीस की फोन कर. तेव्हा कळलं मला, झोपेत आहेस, आणि कुणाशी बोलतीयस ते." नसीम डोळे पुसते. "हात पुढं केला होता उठवायला. मागं घेतला."

"ती काय म्हणाली?"

"आतु, आतु म्हणाली. बरं म्हणाली. डोक्यावरून शाल घेऊन गेली."

वैजू उघड्या सॅककडे बघते. शाल होती तिथे वरच्या बाजूला खळगा पडलाय. कुमुदने आपल्यासाठी ठेवलेली शाल, आणि आपण ती धड बघितलीही नाही. बंद सॅक सांभाळत वर्ष काढलं आणि उघडली ती झोपेत.

"कसली होती?" ती विचारते. "रंग कसला होता?"

नसीम खिडकीबाहेर बघते.

"राखाडी. आतून मऊ फ्लॅनेल लावलेलं." मग म्हणते, "ते मी लावलेलं, वैजू. शाल तुझी नव्हती. कुमुदची होती. ती आजारी पडली तेव्हा शिवून दिलेली मी."

वैजूला आधी कळत नाही. मग ती वाकते आणि सॅकमध्ये हात घालते. डाव्या बाजूला तिचे कपडे आहेत, तिचेच, तिच्या कपाटातले, नीट घडी घातलेले. मध्ये वर्तमानपत्राचा कागद उभा लावलाय. आणि उजव्या बाजूला कुमुदचे दोन कुडते. कुमुदची लोकरीची टोपी. तिच्या गोळ्यांचा डबा, कप्पे पाडलेला, सगळे कप्पे भरलेले. तिच्या तेलाची छोटी बाटली, झाकणाला रबर लावून.

त्या दिवशी येताना तिच्या खांद्याला पिशवी होती, हे वैजूला आत्ता आठवतं. परत जाताना नव्हती.

पाठीवर ओझं पेलणार नव्हतं, म्हणून तिने आपलं सामान वैजूच्या सॅकमध्ये घातलं होतं. माझं मी बघून ठेवलंय, म्हणाली होती, आणि खरंच बघून ठेवलं होतं. ती येणार होती. मोकळ्या हातांनी, दोघींच्या मध्ये बसून, गोळ्या खात, टोपी घालून, ती विजापूरला येणार होती. गाडी सुटल्यावर सॅक उघडली की तिचं सामान बघून वैजू काय तोंड करते ते बघायचं होतं तिला. आणि थंडी वाजली की पटकन मिळावी म्हणून शाल सगळ्यात वर ठेवली होती.

"तिचीच होती," वैजू म्हणते. "घेऊन गेली."

एवढं म्हणते, आणि वर्षभर न आलेलं रडू येतं. साधं येत नाही, पोटातून उमाळे येतात, तिचं सगळं अंग हलतं. पलीकडच्या बाकावरची माणसं बोलायची थांबतात. कुणीतरी पाण्याची बाटली पुढे करतं.

"हलू नकोस," नसीम म्हणते. तीही रडते आहे. "तांदूळ सांडतील."

ती ओढणीचं एक टोक आपल्या मुठीत धरते. दुसरं वैजू धरते. बागलकोट येतं, माणसं उतरतात, नवी चढतात, चहावाला ओरडत जातो. दोघी तशाच बसून राहतात, मध्ये ओटी धरून. बऱ्याच वेळाने वैजू दुसऱ्या हाताने तो खण उचलते आणि गालाला लावते. एका बाजूने तो अजून ओला आहे.

ती खिडकी लावून घेते, वाऱ्याने तो वाळू नये म्हणून.